व्याह्यांनी दिलेली मोटरसायकल

घराला कुलूप लावून दोन जिने उतरले की ओमुरकुल हमखास थांबायचा. "गॅस बंद केला होता ना?" त्याची बायको बुरुलचा खालच्या बाकावर जाऊन बसायची. आता नवरा वर जाणार, गॅस बघणार, नळ बघणार, कुलूप पुन्हा ओढून बघणार, हे तिला ठाऊक होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, की तेवढ्या वेळात ती शेजारणीशी गप्पा उरकून घ्यायची.

बिश्केकमध्ये त्याने जन्मभर विजेच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबस चालवली. सकाळी डेपोतून गाडी काढायच्या आधी तो तिच्याभोवती फिरायचा, ब्रेक दाबून बघायचा, दारांची उघडझाप करायचा. बाकीचे ड्रायव्हर ओरडायचे, "अरे, बस आहे ती, नवरी नाही!" पुढे शहराने ट्रॉलीबसच बंद केल्या, तारा उतरवल्या, आणि ओमुरकुल घरी बसला. घरी बसल्यावर त्याच्या डोक्यात मोटरसायकल शिरली. सैन्यात असताना चालवलेली, तेव्हापासून मनात कुठेतरी होतीच. लांब पल्ल्याची, जड, मागे दोन्ही बाजूंना पेट्या असलेली, बुरुलचाला मागे बसवून डोंगरात नेता येईल अशी. नवी घेणं शक्यच नव्हतं. म्हणजे जुनी. आणि जुनी म्हटलं की त्याला आधी तिच्यातली खोट दिसायची.

वर्षभर तो गाड्या बघत हिंडला. एकीचं हँडल मधोमध येताच खटकन अडकायचं, म्हणजे आतलं बेअरिंग खाल्लेलं. एकीच्या पुढच्या नळ्यांवरून तेल ओघळत होतं. एकीचं सगळं चकचकीत, पण टायरच्या नक्षीत बारीक भेगा; गाडी नुसती उभी राहून म्हातारी झालेली. एका माणसाच्या गाडीवर तर तो बसलासुद्धा, पण टाकीत बॅटरीचा उजेड पाडल्यावर आत गंज दिसला आणि तो उतरला.

"जिबेकचं स्थळ बघताना एवढं तपासलं नव्हतंत," बुरुलचा म्हणाली.

"तपासून काय उपयोग होता? तिने आधीच ठरवलं होतं."

जिबेक ही त्यांची एकुलती मुलगी. घाटापलीकडच्या कोच्कोर गावी दिलेली. तिचे सासरे ताश्तानबेक रस्ते खात्यात मुकादम होते. देहाने भरदार, आवाजाने त्याहून. शरद ऋतूत एक दिवस त्यांचा फोन आला.

"व्याही, ऐकतोय ते खरं का? गाडी शोधताय? आणि माझ्या अंगणात एक उभी असताना? अहो, लोक काय म्हणतील! या रविवारी. विहीणबाईंना घेऊन या."

ती गाडी ओमुरकुलने लग्नात लांबून पाहिली होती. जर्मन, जुनी, सिलिंडर दोन्ही बाजूंना कानांसारखे बाहेर आलेले. फोन ठेवल्यावर त्याला आनंद झाला, आणि लगेच घाम फुटला. परक्याची गाडी उलटीपालटी करून बघता येते. व्याह्याची कशी बघणार? खोट काढली तर बोल कोणाला लागणार? त्या घरात रोज चहा ओतणाऱ्या जिबेकला.

"गेल्या गेल्या आधी गाडी बघेन," त्याने टॅक्सीत बुरुलचाला सांगितलं. "सकाळचं थंड इंजिन पहिल्यांदा कसं सुरू होतं, त्यावर सगळं कळतं. जेवायच्या आधी. जेवणानंतर माणसाला नाही म्हणता येत नाही."

"तुम्हाला जेवायच्या आधीही येत नाही," बुरुलचा म्हणाली.

गाडी बघू कोण देतंय! फाटकातच ताश्तानबेक, त्यांच्या पत्नी उलकान, मुलं, सुना, शेजारी, ताश्तानबेकांचे दोन भाऊ. मिठ्या, हातात हात, आत चला. गाडी कोठीच्या भिंतीला लावून ठेवली होती. हात धुवायच्या निमित्ताने ओमुरकुल तिच्याजवळून गेला आणि वाकून बुटाची नाडी बांधता बांधता तळहात इंजिनाला लावला.

गरम होतं.

त्याने नाडी सोडून पुन्हा बांधली आणि पुन्हा हात लावून बघितला. पाहुणे यायच्या आधी कुणीतरी इंजिन तापवून ठेवलं होतं. असं कोण करतं? ज्याला थंड इंजिन दाखवायचं नसतं तो.

आत ताटावर ताटं आली. मेंढीच्या मांसाचा वाफाळता ढीग, तळलेले पिठाचे बोरसोक, साय, मुरांबा. ओमुरकुलचं ताट तसंच राहिलं. समोर ताश्तानबेक मोठमोठ्याने हसत होते, पण त्यांचंही ताट जवळजवळ तसंच होतं. ओमुरकुल मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता: व्याही, जरा मेकॅनिकला दाखवून मग... नको. व्याही, घरी विचार करून कळवतो... छे, तेही नको.

मग ताश्तानबेकांचा थोरला मुलगा उठला. त्याच्या हातात भरजरी चपान होता. त्याने तो लांब झगा ओमुरकुलच्या खांद्यांवर चढवला आणि म्हणाला, "आमच्या आजोबांनी त्यांच्या व्याह्यांना घोड्यावर बसवून पाठवलं होतं. आता घोडा घेऊन तुम्ही शहरात कुठे बांधणार? म्हणून आम्ही भावांनी ठरवलं. मोटरसायकल तुमची. पैशाचं नाव काढायचं नाही. आज तिच्यावर बसूनच घरी जायचं, विहीणबाईंना मागे घेऊन!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्या काकूंनी डोळे पुसले. ओमुरकुल हसला, निदान तोंड तरी तसं केलं. विकत घेताना तपासता येतं. भेट मिळालेली वस्तू कशी तपासायची? आणि आजच, बूमच्या घाटातून, एका हाताला कडा नि दुसऱ्या हाताला नदी, समोरून ट्रक, पाठीशी बुरुलचा! त्याने ताश्तानबेकांकडे पाहिलं. ते टाळ्या वाजवत नव्हते. ते सतरंजीकडे बघत होते.

काय करावं सुचेना, तेव्हा त्याच्या तोंडून भलतंच निघालं. "माझे वडील म्हणायचे, दिलेला घोडा आधी आपल्या हाताने चोळून पुसावा, मगच बसावं. मी गाडी धुतो."

वडिलांनी असं काहीही कधी म्हटलं नव्हतं. पण काकूंनी पुन्हा डोळे पुसले आणि सगळ्यांना ते फार आवडलं.

जिबेक गरम पाण्याची बादली आणि फडकी घेऊन अंगणात आली. बादली ठेवताना बापाकडे न बघता हळूच म्हणाली, "कानाकोपरा नीट पुसा, बाबा. पेट्यांच्या मागेही."

"तुला काही माहीत आहे का?"

"नाही. पण तुम्हाला माहीत आहे. चेहरा बघा आरशात." आणि जरा थांबून, "सांभाळून हं. मला इथे राहायचंय."

त्याने चपान काढून जिबेककडे दिला, बाह्या सरसावल्या आणि पुढच्या चाकापासून सुरुवात केली. फडकं फिरवत चाक डावीकडे-उजवीकडे हलवून बघितलं, घट्ट होतं. हँडल कुठे अडकत नव्हतं. पुढच्या नळ्या कोरड्या. टायरला भेगा, जुनेच होते. मागचं चाक वरखाली धरून हलवलं, तर किंचित खेळलं, चालण्यासारखं. त्याच्या जिवात जीव येऊ लागला. मग तो सिलिंडर पुसायला लागला. उजव्या सिलिंडरवरचं झाकण जुनं, डागाळलेलं. डावीकडचं नवं कोरं.

असली गाडी पडली की आधी सिलिंडरच जमिनीला लागतो.

त्याने डावी पेटी काढली. मागची नळी, जिच्यावर आसनाचा आणि मागे बसणाऱ्याचा सगळा भार असतो, तिच्यावर ताजा काळा रंग होता. रंगावरून बोट फिरवलं, तर वेल्डिंगचा ओबडधोबड सांधा लागला. सांध्याच्या कडेला केसाएवढी चीर. पाणी लागल्यावर ती काळ्या रेघेसारखी स्पष्ट दिसायला लागली.

ओमुरकुल फडकं धरून तसाच उकिडवा बसून राहिला. खिडकीतून घरातलं हसणं ऐकू येत होतं. बुरुलचाचं हसणं त्यात वेगळं कळत होतं.

तेवढ्यात दुसरं फडकं घेऊन ताश्तानबेक त्याच्या शेजारी येऊन बसले. एवढा मोठा माणूस, पण बसले ते अंग चोरून. आणि आधीच स्वच्छ असलेली पेटी पुसायला लागले.

"बघितलंत ना," ते म्हणाले. आवाज असा, की हेच का ते मुकादम असं वाटावं.

"बघितलं."

"वसंतात पाडली. ओर्तो-तोकोयच्या धरणाजवळ, वळणावर खडी होती. आयुष्यभर लोकांना खडी उचलायला लावली आणि मीच घसरलो. उलकान मागे होती. तिच्या खांद्याचं हाड मोडलं. घरी सांगितलं, कोठीच्या पायरीवरून पडली. मुलांना अजून माहीत नाही."

"आणि हे जोडलं कुणी?"

"गल्लीत लोखंडी फाटकं जोडणारा आहे, त्याने."

ओमुरकुलचा आवाज चढला, आणि चढलेला आवाज दाबताना तो कापायला लागला. "फाटकं जोडणाऱ्याने! आणि तुम्ही मला बायकोला मागे बसवून घाटातून पाठवणार होतात?"

"विकत द्यायची असती तर सगळं सांगणार होतो, शपथेवर. पण पोरांनी परवा परस्पर ठरवलं, भेट द्यायची. नको म्हणालो तर म्हणाले, बाबा चिकटपणा करतात. कारण सांगितलं असतं तर आईला पाडलंत हे आलं असतं. सकाळी चालू होईना, म्हणून तापवून ठेवली. मला वाटलं, तुम्ही घाबरट आहात, तुम्हीच काहीतरी कारण काढाल." त्यांनी पेटीवरून पुन्हा फडकं फिरवलं. मग म्हणाले, "सकाळपासून माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही, व्याही."

राग आला होता, पण त्या रागाला कुठे ठेवावं हे ओमुरकुलला कळेना. समोरचा माणूस मोडून गेला होता. आत मुलगी होती. त्याने पेटी परत बसवली, हात पुसले. "इंजिन आता थंड झालंय. चालू करून बघू."

इंजिन कुरकुरलं, खोकलं, दोनदा गप्प झालं, मग सुरू झालं आणि डावीकडून निळ्या धुराचा लोट निघाला. घरातले सगळे धावत बाहेर आले. "पेटली का?" कुणीतरी ओरडलं. त्या सगळ्यांत एकट्या ओमुरकुललाच बरं वाटलं. बाजूच्या स्टँडवर कलती उभी राहिली की या गाड्यांच्या डाव्या सिलिंडरमध्ये तेल उतरतं. तेवढंच जळत होतं. धूर विरला, आवाज सरळ झाला. हृदय चांगलं होतं. कंबर मोडलेली होती.

"चला, विहीणबाई, बसा!" थोरला मुलगा म्हणाला.

ओमुरकुलने इंजिन बंद केलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. ताश्तानबेक सगळ्यांच्या मागे उभे होते.

"मला भीती वाटते," तो म्हणाला.

"कसली?"

"घाटाची. गाडी फार मोठी आहे. इतकी वर्षं ट्रॉलीबस चालवली, ती तारेला धरून चालते. गाडी माझी झाली, डोक्यावर घेतली. पण ती ट्रकमधून पाठवा. मी चालवत नेणार नाही."

आणि मग जो हशा पिकला! शंका एकालाही आली नाही. सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला, हेच ओमुरकुलला सगळ्यात जास्त लागलं. ताश्तानबेकांचा भाऊ म्हणाला, "व्याही, खाली गादी अंथरू का ट्रकमध्ये?" मुलं पोट धरून हसली. ताश्तानबेकही हसले, पण डोळे वर न करता. उलकान मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग ओमुरकुलकडे, आणि पाण्याची बादली उचलून आत गेल्या.

ट्रकच्या पुढच्या बाकावर ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसून ते परतले. धरणाजवळच्या वळणावर बुरुलचा म्हणाली, "काय सापडलं?"

"काही नाही."

"अहो, तुम्ही भित्रे आहात, पण चारचौघांत कबूल करण्याइतके नाहीत. काय सापडलं?"

ड्रायव्हर कोच्कोरचाच होता. ओमुरकुलने घरी पोचेपर्यंत तोंड उघडलं नाही. घरी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "उलकानला विचारायला हवं, खांदा कसा आहे." फोन तिने दुसऱ्याच दिवशी केला. दोघी काय बोलल्या ते तिने सांगितलं नाही.

हिवाळ्यात ताश्तानबेक एकटेच बिश्केकला आले. अल्माटीच्या जुन्या सामानाच्या बाजारातून मागचा अख्खा सांगाडा शोधून आणला होता, पोत्यात गुंडाळून. माफी मागायला आले होते. ते त्यांना जमलं नाही, म्हणून चार दिवस गॅरेजमध्ये राबले. ओमुरकुल प्रत्येक नट घट्ट करायचा, आणि ते चहाला वळले की पुन्हा तपासायचा. ते वळून बघायचे आणि त्याचाही कप भरायचे.

कोच्कोरमध्ये मात्र व्याह्यांची भीती गाजतच राहिली. आईकडून सगळं कळलेली जिबेक फोनवर चिडायची, "बाबा, मी सांगून टाकू?" तो म्हणायचा, "राहू दे. तुला तिथे राहायचंय."

उन्हाळ्यात एका सकाळी त्याने नवे टायर दाबून पाहिले, दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, जिना चढून गॅस पाहिला, आणि बुरुलचाला मागे बसवून कोच्कोरला निघाला. घाटात त्याचे खांदे दगडासारखे झाले होते. समोरून ट्रक आला की बुरुलचा त्याच्या कमरेला गच्च धरायची आणि तो गेला की शिव्या द्यायची, ट्रकला की नवऱ्याला ते कळत नव्हतं. खडीच्या वळणावर तो इतका हळू गेला की मागच्या मेंढपाळाने घोड्यावरून त्यांना मागे टाकलं.

फाटकात आवाज ऐकून उलकान बाहेर आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली, हात न लावता. बुरुलचा उतरून कंबर धरून उभी होती.

"व्याही," उलकान म्हणाल्या, "मला गल्लीच्या टोकापर्यंत न्याल का?"

ताश्तानबेक दारात आले होते. त्यांच्या तोंडून "अगं" एवढंच निघालं.

ओमुरकुलने आधी इंजिन बंद केलं. तो खाली उतरला, मागच्या नळीवरून बोट फिरवलं, पेट्यांचे बोल्ट हलवून पाहिले, मागच्या ब्रेकचं पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. उलकान थांबून राहिल्या. घाई केली नाही. मग त्याने पुन्हा बसून गाडी सरळ धरली, दोन्ही पाय जमिनीत रोवले आणि म्हणाला, "बसा. मला घट्ट धरा. आणि व्याही, जरा रस्त्यातली खडी बाजूला करा."

ताश्तानबेक केरसुणी आणायला आत धावले.