यमुनाताईंचं एक तिकीट

आमच्या स्टाफरूमच्या फळ्यावर शिक्षण खात्याची परिपत्रकं असायची, सुट्ट्यांची यादी असायची आणि त्यांच्या शेजारी, टाचणीनं टोचलेलं, राज्य लॉटरीचं एक तिकीट असायचं. ते शाळेच्या शिपाई यमुनाताई लावत. दर महिन्याला एक. सोडत झाली की जुनं काढून नवं. लॉटरीचं तिकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात लपवायचं असतं, असं त्यांना कधी वाटलंच नाही. कुणी हटकलं तर म्हणत, "सरकारी कागद हाय. सरकारी कागदांच्यात लावला."

रोह्याच्या त्या शाळेत मी गणित शिकवत होते. आम्ही दोघीही पेणच्या, त्यामुळे सकाळची एसटी एकच आणि बहुतेक वेळा बाकडंही एकच. पगार झाला की दुसऱ्या दिवशी गाडी लागायच्या आधी त्या स्टँडसमोरच्या टपरीवर जात. नंबर निवडत नसत, टपरीवाल्यानं पुढे केलेलं पहिलं तिकीट घेत. तो कधी म्हणाला, "ताई, या वेळी बंपर आहे, दोन न्या," तर त्या एकाच तिकिटाचे पैसे ठेवत आणि वळत.

त्यांचं माहेर वडखळपलीकडच्या खाडीकाठचं. वडील मिठागरावर कामाला होते आणि सातवीनंतर यमुनाताईही तिथंच राबल्या. लग्नानंतर नवऱ्याच्या जागी शाळेत लागल्या, कारण नवरा तरुणपणीच गेला. घरात दोन मुली, सासू आणि एक मोठे दीर. दीर कमवत काही नसत, पण घरातला शब्द त्यांचा चाले.

वडखळपासून खांब गावापर्यंतचा रस्ता इतका उखडलेला असे की त्या वेळात मी त्यांना संभाव्यतेचा अख्खा धडा शिकवू शकत होते आणि तो मी अनेकदा शिकवला. पेण तालुक्यातली सगळी माणसं एका रांगेत उभी करा, डोळे मिटून एकावर बोट ठेवा, ते नेमकं तुमच्यावर पडेल का? त्या खिडकीचा गज धरून नीट ऐकून घेत. शेवटी म्हणत, "बरोबर हाय बाई तुमचं." आणि पुढच्या महिन्यात फळ्यावर नवं तिकीट लागे.

मग शाळेत नवे मुख्याध्यापक आले. शिस्तीचे, स्वच्छ माणूस. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावरचं तिकीट पाहिलं आणि काढायला सांगितलं. यमुनाताईंनी काढलं नाही. तेव्हा सरांनी त्यांना लेखी नोटीस दिली. शाळेच्या आवारात जुगाराचं प्रदर्शन करून विद्यार्थ्यांवर वाईट परिणाम केल्याबद्दल कारवाई का करू नये, याचा तीन दिवसांत खुलासा करावा. नोकरीवर गदा आली असती असं नव्हे, पण सर्व्हिस बुकात नोंद झाली असती. यमुनाताईंसारख्या माणसाला, ज्यांची एका दिवसाची उशिराची नोंद नव्हती, ते पुरे होतं.

त्या माझ्याकडे आल्या. खुलासा मी लिहून द्यायचा, पण शब्द त्यांचे. मी म्हटलं की सरांचा सूर चुकला असेल, पण मुद्द्यात मी त्यांच्याच बाजूची आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच तुमच्याकडे आले, तुम्ही एक अक्षर माझ्या बाजूनं वाढवणार नाही.

मी कागद पुढे ओढला. त्यांनी सांगितलं ते असं. तिकीट सरकार छापतं, सरकार विकतं. माझा पगारही सरकारच देतं. ज्या दिवशी सरकार छापायचं बंद करील त्या दिवशी मी घ्यायचं बंद करीन. ही वस्तू वाईट असेल तर पहिली नोटीस ज्यानं छापली त्याला द्यावी, आणि त्याचा खुलासा आला की मला दाखवावा.

लिहून झाल्यावर मला राहवलं नाही. मी विचारलं, लागणार नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, मग इतका हट्ट कशासाठी?

त्या म्हणाल्या, "बाई, माझा पगार हातात येतो ना, त्याच्या आधी त्यातल्या दर नोटेवर कुणाचं तरी नाव पडलेलं असतं. पोरींची फी, सासूचं औषध, भावोजींचा खर्च. साडी घेतली तरी घरात दाखवावी लागते, कितीला घेतली सांगावं लागतं. ह्या एका तिकिटाला मी कुणाला विचारत नाय. लागो नायतर न लागो. तुमचं गणित बरोबर हाय, पण तुमी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देताय."

मी वर्गात मुलांना हे वाक्य शंभरदा ऐकवलं असेल. मला ते पहिल्यांदाच कुणीतरी ऐकवत होतं.

खुलासा सरांनी वाचला, फाइलला लावला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. सर्व्हिस बुकात नोंद झाली नाही. फळ्यावरचं तिकीट राहिलं.

यावरून कुणाला वाटेल की त्यांना जुगाराचं काहीच वाटत नव्हतं. तसं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ दिनकर रोह्याच्याच एका कंपनीत होता. शिफ्ट सुटली की तो रामवाडीजवळच्या एका दुकानात जाऊन बसे. तिथं मशीनवर दर पंधरा मिनिटांनी लॉटरीचा निकाल लागायचा. घरात पगार पोहोचेनासा झाला तेव्हा भावजय रडत यमुनाताईंकडे आली.

त्या दिवशी संध्याकाळी परतताना यमुनाताई रामवाडीला उतरल्या. मीही मागोमाग उतरले. त्या सरळ दुकानात शिरल्या आणि भावाच्या शेजारची प्लास्टिकची खुर्ची ओढून बसल्या. भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तू खेळ. मी बघत बसते." दिनकर ओशाळला, पण उठला नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या, तिसऱ्या दिवशीही. एक बाई पदर खोचून रोज समोर येऊन बसते म्हटल्यावर बाकीची गिऱ्हाइकं चुळबुळ करायला लागली. दुकानदार म्हणाला, ताई, इथं बसायचं तर तुम्हीही खेळा, नाहीतर बाहेर व्हा. त्यावर त्या म्हणाल्या की माझ्या भावाचा पगार तुझ्या मशीनमध्ये आहे, माझ्या खुर्चीचं भाडं त्यातून कापून घे.

चौथ्या दिवशी दिनकर स्वतःहून उठला. पुढे तो दोनदा घसरला, दोन्ही वेळा त्या जाऊन बसल्या. मग सुटलं.

त्या काळात एकदा एसटीत मी त्यांना विचारलं, त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय? मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "जात एकच हाय दोन्हीची. म्हणून तर मी दुसरं तिकीट कधी घेतलं नाय."

इतक्या वर्षांत त्यांना एकदाच बक्षीस लागलं, तेही शेवटच्या क्रमांकाचं. स्टाफरूममध्ये सगळे पेढे मागायला लागले. यमुनाताईंनी साफ नकार दिला. इतकी वर्षं तिकीट फुकट गेलं तेव्हा कुणी वाटा उचलला नाही, म्हणाल्या. रविवारी एकट्या कोलाडला गेल्या, हॉटेलात पंख्याखालचं टेबल धरून सुरमईची थाळी जेवल्या आणि वर आइस्क्रीम खाल्लं. घरी सांगितलं नाही. मला सांगितलं, आणि सांगताना त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्या गेल्या. दुखणं थोडक्यात आटपलं. पण त्यांचं नाव निघालं की मला आठवतो तो त्यांच्या निरोपाचा दिवस.

सभागृहात सगळी मुलं होती. भाषणं झाली. मुख्याध्यापक मनापासून चांगलं बोलले, फक्त शेवटी हसत म्हणाले, की ताई, आता फंडाची रक्कम हाती येईल, ती मात्र लॉटरीत घालू नका. मुलं हसली. आम्हीही हसलो.

शिपायांनी अशा वेळी हात जोडायचे आणि बसायचं, अशी आमच्याकडे रीत होती. यमुनाताई माइकपाशी गेल्या.

"पोरींनो, पोरांनो," त्या म्हणाल्या, "लॉटरीचं तिकीट घेऊ नका. लागत नाय. ह्या बाईंनी मला हजारदा समजावलंय, ते खरं हाय. आधी शिका. मग स्वतः कमवा. आणि आपल्या कमाईतला थोडा तरी पैसा असा ठेवा, की तो कशाला घातला ते कुणी विचारायचं नाय. त्याचं काय करायचं ते मुख्याध्यापकांना विचारू नका, नवऱ्याला विचारू नका. मला पण नको."

मागच्या रांगांतल्या मुलींनी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या सभागृहानं.

कार्यक्रम संपला. मुलं पांगली, आम्ही घोळके करून बोलत राहिलो. यमुनाताईंनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला आणि खुर्च्या घडी करायला सुरुवात केली. सर अजून पहिल्या रांगेत बसले होते. ते म्हणाले, ताई, आज राहू द्या, आज तुमचा मान आहे.

"साडेपाचपर्यंत माझी नोकरी हाय, सर," यमुनाताई म्हणाल्या. "उठा, खुर्ची घेऊ द्या."

सर उठले.