चुलीवरचा स्लॅब

आमचं घर बांधून व्हायला सहा रजा लागल्या. आमच्या घरात काळ असाच मोजला जायचा. वडील, म्हणजे आमचे दादा, फौजेत हवालदार होते. वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचे, आणि बांधकाम तेवढ्यातच पुढे सरकायचं. पहिल्या रजेत पाया भरला. दुसऱ्या रजेत जोतं वर आलं. तिसऱ्या रजेत भिंती चौकटीच्या वर गेल्या. चौथी रजा सबंध सिमेंटच्या परमिटासाठी कचेरीत हेलपाटे घालण्यात गेली. त्या वर्षी घराला एक दगडही लागला नाही आणि उघड्या भिंतींवर गवत उगवलं. पाचव्या रजेत, सत्तरच्या दशकातल्या एका मे महिन्यात, गोण्या मिळाल्या आणि स्लॅबचा दिवस ठरला.

आमचं गाव औंधपासून चार मैलांवर. आळीतली सगळी घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, नाहीतर कौलांची. स्लॅब आमचाच पहिला. तोवर आम्ही चुलत्यांच्या घरातल्या एका खोलीत राहत होतो. चुलते म्हणजे आबा, दादांचे थोरले भाऊ. त्यांनी आम्हांला कधी उपाशी ठेवलं नाही, हे मी कृतज्ञतेनं लिहिते. पण चूल एक होती आणि ती आईची नव्हती. भाजीत मीठ किती, भाकरी किती थापायच्या, हे वीस वर्षं दुसऱ्यानं ठरवलं. आई म्हणायची, "मला माडी नको, काय नको. चार भिती आन् एक चूल. तिच्यावर मी पाणी जरी उकळलं तरी माझं मी उकळीन." घरभरणीचा मुहूर्त ज्येष्ठातला निघाला होता. स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू एकविसाव्या दिवशी निघणार होते, आणि त्यानंतर आठवड्यानं आई तिथे राहायला जाणार होती.

स्लॅब पैऱ्यानं घालायचं ठरलं. पैरा म्हणजे आज तू माझ्या कामाला ये, उद्या मी तुझ्या. त्यात मजुरी नसते. सकाळी आळीतली पन्नासेक माणसं जमली. दादांनी सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि कामं वाटून दिली. "हवालदारसायेब, च्याला तरी परेड सोडा की!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. शेवटी दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते.

"पाणी हिच्या हातात. एका गोणीला अडीच बादल्या. मिस्त्रींचा हुकूम हाय. पाणी ज्यादा झालं की स्लॅब कच्चा ऱ्हातोय."

मिस्त्री औंधचे. त्यांचे वडील-आजोबा दगडाचं काम करायचे, त्यांनी सिमेंट शिकून घेतलं होतं. ते वर चढले. दादा बैलगाडीत पिंप टाकून लांबच्या विहिरीवर पाणी आणायला गेले, कारण आमची विहीर आटली होती. खाली पत्र्यावर वाळू, खडी, सिमेंट फावड्यांनी कालवायचं, घमेली भरायची, आणि ती हातोहात शिडीवरून वर जायची. मी बादल्या मोजत होते. दुपारपर्यंत एकही बादली चुकली नाही.

दुपारी ऊन डोक्यावर आलं. हात थकले, फावडी जड झाली. आबा पत्र्याजवळ येऊन उभे राहिले. गावातली निम्मी धाबी त्यांच्या देखरेखीखाली झालेली. धाब्याचा चिखल दिवसभर तुडवून तुडवून मऊ करतात. हात घातला की सरसर फिरला पाहिजे. त्यांनी वाकून माल चिमटीत घेतला.

"पोरी, पाणी वत आनखी."

"आबा, अडीचच सांगितल्यात."

"कुणी सांगितल्यात? मी धाबी घालत हुतो तवा तुजा बा रांगत हुता. ह्यो काय चिखल हाय व्हय? नुसती खडी खडखडतीया. लोण्यावानी झाला पायजे."

"वत गं," फावडंवाल्यांतला एक म्हणाला, "का कॉलेजात पानी तोलून देत्यात?"

मी विहिरीच्या वाटेकडे पाहिलं. दादांची गाडी दिसत नव्हती. वर मिस्त्री सळ्यांवरून पाटा फिरवत होते. आबांसमोर आमच्या घरात कुणी दुसऱ्यांदा बोलत नसे, दादासुद्धा. मी तिसरी बादली पुरी ओतली. मग चौथी. फावडी हलकी झाली, माणसं खूश झाली, "आता कसं!" म्हणाली. चार गोण्या तशाच कालवल्या गेल्या. दादा परत आले तेव्हा मी पुन्हा अडीचवर आले होते. त्या चार गोण्यांचा माल कुठे पडला ते मी पाहून ठेवलं होतं. तो सगळा स्वयंपाकघरावर पडला होता.

संध्याकाळी सगळ्यांना जेवण घातलं. आबांनी दादांची पाठ थोपटली.

नंतरचे दहा दिवस मी सांगीन सांगीन म्हणत राहिले. स्लॅबवर मातीचे वाफे करून आई सकाळ-संध्याकाळ पाणी भरायची. मी तिच्याबरोबर घागरी वाहायची आणि गप्प राहायची. सिमेंट दुसऱ्यांदा मिळणं शक्य नव्हतं, हे घरातल्या लहान मुलालाही कळत होतं. आणि सांगायचं म्हणजे आबांचं नाव घ्यायचं. मला त्या दोन्ही गोष्टींची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती ती एकविसाव्या दिवसाची. टेकू निघणार आणि आई त्या स्लॅबखाली बसून भाकरी थापणार.

दादांची रजा संपली. मला होस्टेलचा फॉर्म भरायचा होता, म्हणून मी साताऱ्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. एसटीत ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "तू हुतीस म्हणून पाण्याची काळजी नव्हती बघ." मी तोंड उघडलं. पण ते तेवढ्यात पुढच्या माणसाला आमच्या घराबद्दल सांगायला लागले, खोल्या किती, खिडक्या किती. सातारा स्टँडवर त्यांनी ट्रंक टपावर चढवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि गाडी गेली. मी सांगितलं नाही.

होस्टेलच्या रेक्टरबाईंचे यजमान बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झाले होते. फॉर्म देऊन झाल्यावर मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. माझ्यासारख्या खेड्यातून आलेल्या मुलीचं बोलणं त्यांनी वही घेऊन ऐकलं. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. गोण्या किती, खोली केवढी, सळई किती जाडीची, सगळं विचारलं.

"पडेलच असं नाही," ते म्हणाले. "आणि पडणार नाही असंही मी इथे बसून सांगणार नाही. बाकीचा भाग वेळेवर उघडा. स्वयंपाकघराचा आधार मात्र काढू नका. पाणी मारत राहा. आधार जितका जास्त दिवस राहील तितका चांगला, वर्षभर राहिला तरी बिघडत नाही. आणि मिस्त्रीला सांगा. उद्या नाही. आज."

घरी पोचले तेव्हा आई स्लॅबवर पाणी सोडत होती. मी शिडी चढून गेले आणि सांगितलं. तिनं घागर खाली ठेवली. मग ती स्वयंपाकघराच्या बाजूच्या त्या पाण्याकडे वळली.

"किती दिस ठिवायचं टेकू?"

"दादा पुढच्या रजेला येईपर्यंत."

"वरीस."

"व्हय."

मला वाटलं, ती मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मिस्त्रीला बोलीव."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले. त्यांच्या फळ्या पुढच्या गावी दुसऱ्या कामावर लागणार होत्या, त्यामुळे सुरुवातीला ते घाईतच होते. माझं ऐकून झालं तसे उंबऱ्यावर बसले आणि डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माल पातळ येतोय ते मला बी दिसलं हुतं," ते म्हणाले. "खाली वाकून बगितलं, तर आबा हुबं. म्हटलं, मालकाचा थोरला भाऊ, चारचौघांत कसं बोलायचं. पोरी, तू लेकरू हायस. मी मिस्त्री हाय. चूक माजी धर."

मला रडू आलं. पण रडायला वेळ नव्हता. मिस्त्रींनी मार्ग काढला. फळ्या काढून घ्यायच्या, आणि त्या क्षणी जाड आडव्या लाकडांखाली आठ टेकू द्यायचे. लाकूड कुठून आणायचं? बांधावर बाभळी होत्या, पण बांध सामाईक. म्हणजे आबांना विचारणं आलं, आणि विचारायचं तर कशासाठी तेही सांगणं आलं.

आई वीस वर्षांत आबांशी एक शब्द बोललेली नव्हती. धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही, अशी रीत. सांगायचं ते मुलांकरवी सांगायचं. आबा सोप्यात बसले होते. आई दाराआड पदर घेऊन उभी राहिली, आणि मी मध्ये. मी घडलेलं सांगितलं. आबांचा चेहरा ताठ झाला.

"पोरीच्या हातात पानी दिल्यावर असंच व्हायाचं," ते म्हणाले. "शिकून श्यानी झाली म्हनं. एक बादली मोजता येत न्हाई."

मी मान खाली घातली. ते तसंच संपलं असतं. पण आतून आवाज आला.

"आबांना सांग, पोरीनं त्येंचं ऐकलं. मी बी वीस वर्सं ऐकत आले."

मी काय सांगणार? दोघांमध्ये चार हातांचं अंतर होतं. मोठी आई, म्हणजे माझी चुलती, निवडायला घेतलेलं सूप हातात धरून तशीच थांबली.

"आबांना सांग, बांधावरच्या बाभळी पायजेत. आन् मुहूर्त चुकवायचा न्हाई. त्याच दिशी मी जानार."

"टेकूखाली?" आबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी सरळ दाराकडे बघून विचारलं होतं.

आई मलाच म्हणाली, "म्हणावं, टेकूखाली."

आबा उठून बाहेर गेले. दिवसभर ते घरी आले नाहीत. आता बाभळी मिळत नाहीत, आणि आम्हांला ही खोलीही राहत नाही, असं माझ्या मनात येत होतं. सकाळी बांधाकडून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. मी जाऊन पाहिलं. आबा एकटेच बाभळ तोडत होते. मला पाहूनही त्यांनी हात थांबवला नाही. त्या पाण्याबद्दल ते पुढे माझ्याशी कधीही बोलले नाहीत.

एकविसाव्या दिवशी फळ्या निघाल्या. बाकीच्या खोल्यांत मिस्त्रींनी हातोडीनं ठोकलं की खणखण आवाज यायचा. स्वयंपाकघरात आवाज दबका आला, आणि दोरी लावून मापलं तर मधोमध बोटभर झोळ निघाला. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं आणि टेकूंच्या पाचरी घट्ट केल्या.

मुहूर्ताला आई राहायला गेली. आठ टेकूंच्या मधोमध तिनं चूल मांडली. पीठ मळायला बसली की एक टेकू पाठीला लागायचा. एका टेकूला तिनं खिळा मारून चाळण अडकवली. पावसाळ्यात वरून ओल उतरली आणि भिंतीवर डाग पडला. मी होस्टेलवर होते. रात्री जेवताना आई आता कुठे बसली असेल, हे मनात यायचं. सुट्टीत गावी जाताना वळणावर गाडी आली की मी आधी छप्पर शोधायची.

दादांना मी पत्रात सगळं लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं. "टेकूला हात लावू नका. आबांना कुणी काही बोलू नका, मी येतोय."

सहाव्या रजेत ते आले. पहिल्याच आठवड्यात मिस्त्रींना बोलावलं. चूल, भांडी, पिठाचा डबा सगळं अंगणात काढलं. आळी जमली. आबाही आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मिस्त्रींनी मधल्या टेकूपासून सुरुवात केली. पाचर थोडी सैल करायची, थांबायचं, कान लावायचा, मग पुन्हा थोडी. दादा त्यांच्याबरोबर आतच होते. "बाहेर व्हा सायेब," मिस्त्री म्हणाले. दादा हलले नाहीत. एक टेकू पडला, दुसरा पडला. पाचव्याला वरून करकर आवाज आला. ते आडवं लाकूड मोकळं होत होतं. आठवा निघायला दुपार झाली. मिस्त्रींनी दोरी लावून खालची बाजू मापली, दोनदा मापली. मधोमध बोटभर झोळ होता. तो गेल्या वर्षी फळ्या निघताना होता तेवढाच होता.

"हाय तसा हाय," ते बाहेर येऊन म्हणाले. "तरी आजचा दिस कुनी आत बसू नका."

सगळे अंगणातच उभे राहिले. घर झालं होतं, पण आत जायला कुणाचा पाय उचलत नव्हता. माझाही नाही. मी दारातून त्या उघड्या, डाग पडलेल्या छताकडे बघत होते, आणि मला फक्त त्या जादा बादल्या दिसत होत्या.

आईनं अंगणातली पिठाची परात उचलली. "दुपार कलली," ती म्हणाली. "एवढी मान्सं उपाशी हैत, आन् आजचा दिस म्हनं." दादा काही म्हणायच्या आत ती उंबरा ओलांडून आत गेली, खोलीच्या मधोमध परात ठेवली आणि हाक मारली, "चूल आन गं आत. आन् सरपन वाळकं बघून आन."

मी चूल उचलली आणि आत गेले.