रेजिनाबाईंचा ‘ण’

गिरीजच्या रेजिनाबाई कळंबच्या शाळेत मराठी शिकवायच्या, म्हणजे खरं सांगायचं तर ‘ण’ शिकवायच्या. कोळ्यांची पोरं ती! घरात पानी, दारात पानी, समोर अख्खा समुद्र, तोही पानीच. त्या एका अक्षरापायी बाईंनी उभ्या नोकरीत घसा कोरडा केला. पोरं वर्गात ‘पाणी’ म्हणत आणि फाटकाबाहेर पडली की सोडून देत. बाई पार थकल्या होत्या, पण दुसऱ्याला सुधारायची त्यांच्या जिभेची खोड जाईना. बाजारात मासळीवालीलाही सुधारायच्या, मग ती वाटा कमी घालायची.

कळंबची शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर सोपाऱ्याचं हायस्कूल, आणि बाईंच्या हाताखालची एकही मुलगी तिथवर पोचली नव्हती. एकोणऐंशी साली मात्र त्यांनी मंदाचं मनावर घेतलं. पोरगी हुशार, आणि ‘ण’ असा ठणठणीत म्हणायची की बाईंना भरून यायचं. ही एक जरी दहावी झाली तरी आपला जन्म फुकट गेला नाही, असं त्यांना खरंच वाटायचं.

बाप रामचंद्र पहिल्याच खेपेला तयार झाला. घोडं अडलं ते आई लीलाजवळ. मासळी सुकवायला कोण, धाकट्याला बघायचं कोणी? बाई पुन्हा गेल्या, पुन्हा गेल्या. पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. एप्रिलमधल्या एका दुपारी, शाळा सुटल्यावर, उन्हातून वाळू तुडवत गेल्या तेव्हा त्यांच्यात बोलायचंही त्राण नव्हतं. लीलालाच दया आली असावी.

“जाऊं दे पोरीला,” ती म्हणाली. “मी बगीन कसंतरी.” आणि तांब्या पुढं करून म्हणाली, “घ्या बाई, पानी घ्या.”

“पाणी,” बाई म्हणाल्या.

अहो, मनात काही नव्हतं हो! हातावरची माशी हाकलावी तसा तो शब्द तोंडातून गेला. पण गेला.

लीलानं तांब्या खाली ठेवला. ती भांडली नाही, तेच वाईट झालं.

“बाई, मंदा हल्ली घरात तोंडच उघडत नाय,” ती म्हणाली. “मी बोलाय लागले की खाली बगते. आईची लाज वाटते तिला, मला काय कळत नाय? आनखी तीन वर्सं तिकडं काढली तर माज्याशी बोलंल तरी का? मला एकच पोरगी हाय.”

बाईंनी माफी मागितली, नाना परीनं समजावलं. रामचंद्र जाळ्यातलं भोक शोधत बसला. मंदा दारात उभी होती. ती आईकडं बघेना आणि बाईंकडंही बघेना. जूनमध्ये तिचं नाव आठवीत लागलं नाही, हे इथंच सांगून टाकलेलं बरं.

बाई एसटीनं गिरीजला उतरल्या आणि केळीच्या वाडीतून घरी आल्या. त्यांची आई कॅथरिन ओट्यावर शेंगा सोलत होती. ट्रेनिंग कॉलेजला गेल्यापासून बाईंनी घरची बोली टाकली होती, आणि हळूहळू घरातलं बोलणंही आटलं होतं. म्हातारपणामुळं आई अबोल झाली, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. आज लीलाचे शब्द डोक्यातून जाईनात. त्या आईशेजारी टेकल्या आणि लहानपणच्या त्या बोलीत म्हणाल्या, आज मी फार दमले गं.

म्हातारी दचकली. तिनं आधी मागं वळून पाहिलं, कोणी आलंय का म्हणून. मग पदर सारखा केला आणि घरी आलेल्या फादरशी बोलावं तसं, एकेक शब्द जपत, शाळेतल्या शुद्ध मराठीत लेकीला म्हणाली, “बस, रेजिना. मी तुझ्यासाठी चहा आणते.”