सोडियम एकशे एकोणीस

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला की काय होतं, हे बावीस वर्षं पोरांना सांगत आलोय. आईच्या रक्तातलं सोडियम उतरलं, तेव्हा मात्र या ज्ञानाचा उपयोग तर झाला नाहीच, उलट नुकसान झालं.

आई शाहूवाडीकडची. लग्न होऊन मंगळवार पेठेत आली, तरी आवाज डोंगरावरून हाक मारायचाच राहिला. गेल्या वर्षी तिला बीपीची नवी गोळी सुरू झाली. त्याच सुमारास योगाच्या वर्गात कुणीतरी सांगितलं, की दिवसाला पाच लिटर पाणी प्यालं की सगळे रोग वाहून जातात. हातात घेतलेलं काम आई अर्धवट सोडत नाही. तिनं मीठ बंद केलं आणि तांब्या जवळ ओढला.

तीन आठवड्यांनी ती गोड बोलायला लागली. भाजीवालीनं मेथीचा भाव चढा लावला, तर म्हणाली, "असू दे बाई, तुलाबी पोट हाय." माझ्या बायकोला म्हणाली, "दमली असशील, बस जरा." बायको घाबरायला हवी होती, ती खूश झाली. मीही सगळं श्रेय योगाला दिलं. घरातली शांतता ऐकून शेजारीण विचारायला आली, "कोण आजारी हाय का?" आम्ही हसलो.

पाचव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आईसमोर बसलो. तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं, पदर सावरला आणि म्हणाली, "पावणं, कुठनं आलाय म्हणायचं?"

डॉक्टरांनी लगेच रक्त तपासायला लावलं. दुपारी रिपोर्ट फोनवर आला, पण दवाखाना संध्याकाळी उघडणार होता. मग अर्थ लावायला आम्हीच बसलो. सोडियम एकशे एकोणीस. शेजारी लिहिलेलं, एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीस असावं. गारगोटीहून मामा आले होते.

"सोळानं कमी हाय न्हवं? मग मीठ घाल की," ते म्हणाले.

मिठात सोडियम असतं, हे मला पाठच होतं. मी तांब्याभर लिंबू सरबत केलं, त्यात सढळ हातानं मीठ घातलं. आईनं एका शब्दानं कुरकुर न करता ते संपवलं. तासाभरात तिला उभं राहता येईना.

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी गोळ्या पाहिल्या, मग पाण्याचं विचारलं. म्हणाल्या, "हा आकडा तुम्ही खाल्लेल्या मिठाचा नाही. रक्तात पाण्याच्या मानानं सोडियम किती, एवढंच तो सांगतो. यांच्या अंगात पाणी जास्त झालंय. शिवाय या गोळीनं काहीजणांचं सोडियम उतरतं."

"म्हणजे द्रावण विरळ झालं," मी म्हणालो.

"बरोबर. तुम्ही काय करता?"

"शिक्षक आहे," मी म्हणालो. विषय सांगितला नाही.

मामा म्हणाले, "मग सलाईन लावून एकदम वर काढा की."

"एकदम वर काढलं तर मेंदूला इजा होते. रोज थोडं थोडंच."

गोळी बंद झाली, पाणी मोजून मिळू लागलं. नातेवाईक रोज फोन करून आकडा विचारत, आणि सगळ्यांना त्यातलं कळत होतं. एकानं तर ऊन जास्त असल्यामुळं इतपत चालतंय म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी आईनं दवाखान्यातल्या आमटीची वाटी बाजूला सारली. "ह्येला आमटी म्हणत्यात व्हय? भांडी धुतल्यालं पाणी हाय ह्ये." सगळ्या वॉर्डानं ऐकलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा तपासलं, तर एकशे सदतीस. "पास कितीला?" आईनं विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे काठावर गेलो," ती म्हणाली.

आता ती योगाच्या वर्गात सगळ्यांना पाणी कमी प्यायला सांगते. मी म्हणालो, "आई, प्रत्येकाचं वेगळं असतं. ज्याच्या त्याच्या डॉक्टरला ठरवू दे."

"तू गप्प बस," ती म्हणाली. "तुझं सरबत पिऊन बघितलंय मी."