थोरला साडू

आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, कचेरीत दुभाषी होते आणि माझ्या वडिलांना त्यांनी जन्मभर पाण्यात पाहिलं. मावशी माझ्या आईची धाकटी बहीण, त्यामुळे भांडण घरातलंच. कारण विचाराल तर एक खुर्ची.

कचेरीचा साहेब स्कॉटलंडचा. त्याच्या डोक्यात एक खूळ होतं, की समाज पायरी पायरीनेच वर चढतो, त्याला उचलून वरच्या पायरीवर ठेवता येत नाही. त्याच्या मुलुखातल्या डोंगरी घराण्यांच्या रीती इंग्रज सरकारने एका झटक्यात मोडल्या होत्या, आणि ते दुःख त्याच्या घरात अजून ताजं होतं. म्हणून इथे काही ठरवण्याआधी तो म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलावून विचारायचा, "तुमची वहिवाट काय?" काका शेजारी उभे राहून इकडचं तिकडे सांगायचे. "इंग्रज साहेब विचारतात," ही त्यांची ठरलेली सुरुवात.

वडील काकांच्या हाताखाली मदतनीस दुभाषी म्हणून लागले आणि लागल्या लागल्या मध्ये बोलले, "साहेब इंग्रज नाहीत. त्यांचा मुलूख वेगळा, पूर्वी राजाही वेगळा होता." साहेबाला आपली भाषा थोडीफार कळायची. तो कधी नव्हे तो हसला आणि वडिलांना खुर्ची द्यायला लावली. काका इतकी वर्षं उभेच होते.

झालं, काकांचा तिळपापड झाला.

"तुझे भाऊजी आता पाठ टेकून बसतात," ते मावशीला म्हणाले.

"मग तुम्हीही मागा की खुर्ची."

"मागून मिळालेल्या खुर्चीत काय बसायचं?"

वडिलांचं खोकणंसुद्धा त्यांना खुपू लागलं. वडीलही काही कमी नव्हते. खुर्ची सरकवताना मुद्दाम आवाज करायचे.

पुढे वरून हुकूम आला, की दुभाषी एकच ठेवा. दुसऱ्याने घरी बसायचं. साहेबाने आपल्या खुळाप्रमाणे विचारलं, "एका नात्यातले दोघं एका जागेवर हक्क सांगत असतील तर तुमची वहिवाट काय?"

काकांना आभाळ ठेंगणं झालं. वयाने ते वडिलांपेक्षा चांगलेच मोठे होते.

"मान थोरल्याचा, साहेब," ते म्हणाले.

पण साहेब एकाच्या तोंडावर कधी विसंबत नसे. त्याने दारावरच्या म्हाताऱ्या शिपायाला आत बोलावून विचारलं, या दोघांत थोरला कोण?

शिपाई म्हणाला, "साडूसाडूंत वय कोण बघतं? थोरल्या बहिणीचा नवरा तो थोरला. म्हणजे हे, खुर्चीतले."

शिपायाचं भरभर बोलणं साहेबाला कळलं नाही. त्याने काकांकडे पाहिलं.

काका त्या वेळी काहीही सांगू शकले असते. वडील नंतर शपथेवर सांगायचे, की मी गप्पच बसलो असतो, शेवटी मेहुणीचं घर होतं. पण काकांना ते कुठून ठाऊक असणार? त्यांना एवढंच दिसलं, की हा बसून ऐकतोय आणि आपण एक शब्द फिरवला तर सगळ्यांसमोर पुन्हा आपली चूक काढणार. जागा गेली तरी चालेल, पण ते सुख त्याला मिळू द्यायचं नव्हतं.

त्यांनी शिपायाचं बोलणं शब्दन् शब्द साहेबाला सांगितलं. साडूला साहेबाच्या भाषेत शब्द नव्हता, तर तेही नातं नीट उलगडून सांगितलं. मग वडिलांकडे वळले.

"काही चुकलं का माझं?"

वडील खाली बघत म्हणाले, "नाही."