मुंजाजी सरांचं लमसम

मुंजाजी सरांची नक्कल करणं एकदम सोपं हाय. खडू कानावर ठेवायचा, उजव्या हातानं पँट वर ओढायची आन् कायपण विचारलं तरी म्हणायचं, "लमसम."

"सर, किती वाजले?"
"लमसम अकरा."
"सर, पेपर सोपा हाय का?"
"लमसम."

लग्नाआधी मुलगी पसंत हाय का म्हणून विचारलं, तवाही ते "लमसम हाय" म्हणाले होते, असं सरांच्या बायको मुक्ताबाई काकू अजून सांगतात. सांगताना हसत न्हाईत.

सर आमच्या धारूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. यंदा या शब्दानं त्यांची पंचाईत केली होती. मागच्या वर्षी ते पीएचडीची नोंदणी मागायला गेले, तर विद्यापीठातल्या संगमेश्वर साहेबांनी "विज्ञानात लमसम नसतं" एवढं बोलून वाटेला लावलं. यंदा साहेब स्वतः काम बघायला येणार होते. एसटीडी बूथवर फोन आला तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं, यावेळी पटलं न्हाई तर पुन्हा विचारू नका.

काम म्हणजे कांदा. कांद्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात. सांधेदुखीच्या गोळीत असतं ते औषध मुळांना पाजलं की काही पेशींत चार संच होतात. सरांचा प्रश्न असा, की संच दुप्पट झाले तर रायबोसोम घडवणारी जनुकंही दुप्पट होतात का?

"रायबोसोम म्हणजे पेशीतले आचारी," सर वर्गात म्हणाले. "आन् ही जनुकं म्हणजे आचाऱ्यांची खानदानं. मांडवात पाहुणे दुप्पट आले तर आचारी दुप्पट लागतील का न्हाई?"

मागून सिदू म्हणाला, "सर, आमच्यात पाहुणे दुप्पट आले तर आमटीत पाणी दुप्पट."

सर हसले न्हाईत. कानावरचा खडू काढून फळ्यावर 'पाणी?' असं लिहिलं आन् म्हणाले, "हेबी होऊ शकतं बे."

ही जनुकं ढिगानं बसतात. जो ढीग कामावर असतो तिथं चांदीचं पाणी लावलं की काळा ठिपका उमटतो. चांदीचं पाणी रईसभाईंकडं. ते किल्ल्याच्या रस्त्याला आरसे बनवतात.

"मास्टर, आरसा कित्ता बडा हय?"
"कांद्याच्या मुळाएवढा, रईसभाई."

रईसभाईंनी बाटली दिली, पण हातातून सोडेनात. "कांदेकू मूं देखना हय क्या?"

त्या पाण्यानं सरांची बोटं काळी झाली. हाटेलवाल्यानं विचारलं, "सर, दहाबी बोटांनी मतदान केलं काय?"

साहेब यायच्या आधी सरांनी लमसम सोडायचं ठरवलं. तोंडातून लमसम निघालं की आम्ही बाक वाजवायचा. बदली शब्द होता 'निश्चित'. तो ते असा म्हणत, जसा चिंचोका दाढेत अडकलाय.

साहेब पांढऱ्या नव्या मारुतीतून आले. लाइट नव्हती. सरांनी सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडं फिरवला. पहिली काच साध्या मुळाची. साहेबांनी डोळा लावला.

"चार ठिपके."
"निश्चित," सर म्हणाले.

दुसरी काच चार संचांच्या मुळाची. तिच्यावर सरांनी एका पेशीपाशी शाईची खूण केली होती. साहेबांनी सावकाश मोजलं.

"आठ. म्हणजे संच दुप्पट, जनुकं दुप्पट. निश्चित?"

सरांचा हात पँटीकडं गेला. एक शब्द बोलले असते तर नोंदणी झाली असती. आम्हाला तर तो चिंचोका ऐकूसुद्धा आला.

"ही पेशी तेवढी आठाची, साहेब," सर म्हणाले आन् काच पुढं सरकवली. "आता ही बघा, सहा. पलीकडं पाच. कुठं दोन ढीग चिकटलेत, कुठं एखादा कामच करीना. आन् ढिगात जनुकं किती, ते ठिपक्यावरनं कळतच न्हाई. संच दुप्पट हायत, निश्चित. पण जनुकं..."

आमचे हात बाकावर तयार.

"जनुकं लमसम दुप्पट."

बाक कुणीच वाजवला न्हाई.

साहेबांनी मान वर केली. डोळ्याभोवती गोल वळ उठला होता. "लमसम म्हणजे किती?"

"तेच मोजायचंय साहेब. न्हाईतर नोंदणी कशाला मागतोय?"

साहेब पुन्हा वाकले. काच स्वतःच सरकवायला लागले, पुटपुटत, "सात... हे चिकटलेत... पाच..." चहा आला, त्यावर साय धरली. मग त्यांनी सरांच्या काळ्या बोटांकडं बघितलं आन् खिशातलं पेन काढलं.

"मोजा," म्हणाले, आन् नोंदणीच्या अर्जावर सही केली.

गाडीपाशी सरांनी हात जोडून विचारलं, "साहेब, पोचायला किती वाजतील?"

"लम..." साहेब म्हणाले, आन् घाईघाईनं काच वर घेतली.

तेव्हापासून मला दोन नकला कराव्या लागतात.