मुळ्येबाई आणि दोरीची अक्षरं

नवं मूल बालमंदिरात आलं की मुळ्येबाई त्याला पाटी देत नसत. आधी त्याचा उजवा हात धुवायच्या, पदराला पुसायच्या आणि मग त्याचं एक बोट धरून पुठ्ठ्यावरच्या अक्षरावरून फिरवायच्या. अक्षरं गिरणीतल्याच जाड सुती दोरीची होती, सरसानं चिकटवलेली. मूल डोळे मिटून दोरीवरून बोट नेई आणि बाई विचारत, "कौन आया? पहचाना?" जणू दारात पाहुणाच आलाय.

आमचं बालमंदिर इंदूरच्या एका कापड गिरणीच्या चाळीत होतं. मुलं कामगारांची, माळवी आणि हिंदी बोलणारी. ती बाईंना 'बेनजी' म्हणत. बाईंचे यजमान गिरणीच्या कचेरीत कारकून होते, माझे वडील मागावर. मी नुकती शाळा संपवून बाईंच्या हाताखाली लागले होते आणि मला सगळ्याचीच घाई होती.

गुड्डी नावाची एक मुलगी घ आणि ध मध्ये महिनाभर अडकली होती. मी वैतागून म्हणाले, "बाई, हिला नाही येणार."

बाई म्हणाल्या, "तिला दिसतंय गं सगळं. दोघं जुळ्या भावांसारखे आहेत, फरक कुठंय ते दाखवलंस का तू कधी? ऐसा है न बेटा, चूक मुलाची नसते, दाखवणाऱ्याची असते."

त्यांनी गुड्डीला मांडीवर घेतलं. "देख, ये घ का घर. छत पूरी ढकी हुई. और ये ध का धुआँ. छत में से निकल गया, यहाँ खुला है, देख." गुड्डीनं त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि खुदकन हसली. त्यानंतर ती कधीच चुकली नाही. बाईंनी मात्र ते माझं यश म्हणून तिच्या आईला सांगितलं.

मग गिरणी थांबत थांबत चालू लागली आणि एका सकाळी भोंगा झाला नाही, तो पुन्हा झालाच नाही. चाळीतली कुटुंबं गावाकडे निघाली. मूल निरोपाला आलं की बाई दोरीच्या अक्षरांची पेटी उघडत आणि त्याला न आलेली अक्षरं काढून त्याच्या हातात देत. मी म्हटलं, "बाई, आपला संच मोडतोय." त्या म्हणाल्या, "जे आलं ते त्याच्याजवळ आहेच. राहिलंय तेच द्यायला हवं न?"

गुड्डीचे वडील म्हणाले, "बेनजी, गाँव में इसको कौन पढ़ाएगा? मुझे तो खुद नहीं आता." त्यांची गाडी संध्याकाळची होती. बाईंनी त्यांना सतरंजीवर बसवलं, त्यांचंही बोट धरलं आणि दुपारभर गुड्डीची राहिलेली पाच अक्षरं शिकवली. निघताना तो दांडगा माणूस ओक्साबोक्शी रडला. बाई रडल्या नाहीत. रिकाम्या वर्गात जाऊन त्यांनी झाडू घेतला.

पाच-सहा महिन्यांत पेटी संपली आणि मुलंही. बाईंचे यजमान घरी बसले ते भिंतीकडे तोंड करून. मी एक कोर्स केला आणि शहरातल्या पलासिया या श्रीमंत वस्तीत नव्या इंग्रजी नर्सरीत मला नोकरी मिळाली. वर्षभरानं त्याच शाळेत एक नवी आया आली. निळी साडी, हातात टॉवेल. मुळ्येबाई होत्या.

मी धावत त्यांच्याकडे गेले. त्यांनी हळूच सांगितलं, "इथं मला बाई म्हणू नकोस हं. तुझी नोकरी नवी आहे. मी बच्चे लोगांचे हात धुणार, बस."

मीही त्यांना बाई म्हटलं नाही. सुरुवातीला जीभ अडखळायची, मग सवय झाली. "आया, इसको ले जाओ," असं मी त्यांना सांगू लागले, आणि त्या "जी मॅडम" म्हणत.

माझ्या वर्गातला एक मुलगा इंग्रजी छोटे बी आणि डी रोज उलटे काढायचा आणि मी त्याला रोज रागवायची. एका दुपारी तो नळापाशी रडत होता. बाईंनी ओल्या बोटानं फरशीवर दोन्ही अक्षरं काढली आणि उजवीकडे बोट दाखवलं. "देख, दोनों इधर चल रहे हैं. ये पेट आगे लेके जा रहा है, ये पीठ पे बस्ता लेके." मुलगा रडता रडता हसला. त्याची आई फाटकातून पाहत होती. तिनं मोठ्या मॅडमकडे तक्रार केली: इथं आया शिकवते का?

मॅडमनी दोघींना बोलावलं. मला विचारलं, "आप जानती हैं इसको? किसने कहा इसे पढ़ाने को?"

एवढंच सांगायचं होतं की ही माझी बाई आहे, मला जे येतं ते हिनंच शिकवलंय. पण घरात कमावणारी मी एकटी होते, आणि खरं सांगायचं तर नुसती तेवढीच भीती नव्हती. मला लाज वाटली. मी म्हणाले, "नहीं मॅडम. मैंने तो मना किया था."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "गलती हो गई," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

त्यांच्या घरी जायचं मी रोज ठरवत होते. दोन वर्षं ठरवत होते. मग कुणाकडून तरी कळलं की बाई गेल्या, कावीळ झाली होती. मी गेले तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. त्यांच्या मुलीनं पाणी दिलं आणि माझ्याजवळ बसली.

"आई तुमचं फार कौतुक करायची," ती म्हणाली. "माझी विद्यार्थिनी पलासियात मॅडम आहे, म्हणायची. एक विचारू ताई? मुलांत रमली होती ती तिथं. एकदम नोकरी का सोडली, आम्हाला कधी सांगितलंच नाही. तुम्ही तर तिथंच होतात न?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. डोळे अगदी बाईंचे.

मी म्हणाले, "मला नाही माहीत गं."